मगरीचा पडलेला दात

मी घरी जाऊन शिकवण्या घेते. या सहा वर्षांच्या मुलीकडे पहिल्यांदा गेले तेव्हा ती टेबलाखाली होती. आईने दोन-तीन हाका मारल्या, शेवटी "आता तुम्हीच बघा" म्हणत आत गेली. तक्रार एवढीच होती की म-भ आणि घ-ध यांत गोंधळ होतो आणि चुकलं की ही वहीच मिटून टाकते. या वयात सारखी दिसणारी अक्षरं उलटसुलट होतातच, त्याचं मला फारसं काही वाटत नाही. वही मिटणं मात्र खटकलं.

वाकून पाहिलं तर बाईसाहेब समोरचा हलता दात जिभेने ढकलत बसलेल्या. मी पुस्तक काढलंच नाही. भिंतीकडे बघत सुरू केलं, "एक होती मगर. तिला एकच दात होता."

"मगरीला खूप असतात," खालून आवाज.

"हिला एकच. आणि तोही हलतोय."

बराच वेळ काही नाही. मग, "तो पडला तर ती खाणार कशी?"

मगरीचा दात पडला की त्या जागी नवा येतो, आणि आपल्यासारखा एकदाच नाही, पुन्हा पुन्हा येतो, हे मी सांगितलं. हे खरंच आहे का, याची दोनदा खात्री करून घेऊन ती बाहेर आली. त्यानंतर गोष्ट माझी राहिलीच नाही. दात पाण्यात पडला, तो शोधायला मगरीने माशांना पाठवलं. मी चुकून बेडूक म्हटलं तर लगेच, "मासे!"

ती सांगत गेली आणि मी तिच्याच शब्दांत, मोठ्या अक्षरांत वहीत उतरवत गेले. वाक्यं सुधारली नाहीत. मुलांनी स्वतः सांगितलेलं वाक्य त्यांच्या तोंडात आधीच असतं; वाचताना फक्त कुठला शब्द कुठे बसलाय एवढंच बघायचं उरतं. 'मगरीचा दात पडला. तिथे भोक पडलं.' बोट ठेवून वाचता वाचता ती 'भोक'पाशी अडली. बोट भ च्या डोक्यावर गेलं, तिथे रेघेत फट असते ना, तिथे थांबलं. मग वरच्या ओळीतल्या म कडे. पुन्हा खाली.

"ताई, ह्याचा पण दात पडलाय!"

शिरोरेघ कुठे तुटते हे मी इतक्या मुलांना फळ्यावर गिरवून दाखवलंय, पण असं कधी सुचलं नव्हतं. आईने येऊन विचारलं, "पुस्तकातलं किती झालं?" काहीच झालं नव्हतं. मी वहीतलं पान पुढे केलं, तर हिने ते ओढून घेतलं. गोष्ट अर्धीच आहे म्हणे, अर्धी दाखवायची नाही.

म-भ आता क्वचितच चुकतो. ध च्या डोक्यावरही तशीच फट आहे, पण ते मी अजून सांगितलेलं नाही, तिलाच सापडू दे. म्हणून परवा गोष्टीत एक घार आणायचा प्रस्ताव मांडला. तो साफ फेटाळला गेला.

"घार नको. घार आली तर मगर घाबरून घरी धावत जाईल."

मी निमूटपणे तेच वाक्य लिहून घेतलं.