घाटावरच्या गटप्रमुख

कोल्हापुरात मदतीला माणसं गोळा करायला कष्ट पडत नाहीत. पेठेतल्या एका तालमीत निरोप द्यावा, तासाभरात शेजारच्या तालमीची पोरं ‘आम्हाला का नाही सांगितलं’ म्हणत दारात हजर असतात. २०१९ आणि २०२१ च्या महापुरात राजाराम बंधाऱ्यापाशी धोक्याची पातळी ४३ फूट असताना पंचगंगा ५५ फुटांच्या वर गेली होती. त्या दिवसांत कोणी कोणाला आमंत्रण दिलं नव्हतं. ज्याच्या घरात चूल पेटत होती त्यानं चार घरच्या भाकरी जास्त थापल्या.

अवघड असतं ते पुढचं. आलेल्या माणसाला नेमकं काय करायचं, कुणाच्या सोबत करायचं आणि किती वाजता घरी जायचं, हे सांगणारं कोणीतरी लागतं. माझी नोकरी हीच आहे. मनुष्यबळ हवं असणाऱ्या संस्था आणि वेळ द्यायला तयार असलेली माणसं यांची गाठ घालून देणं. अंध विद्यार्थ्यांना परीक्षेत लेखनिक मिळवून देणं, वृद्धाश्रमात आठवड्याला वर्तमानपत्र वाचून दाखवणारं कोणी बघणं, रक्तदान शिबिरात नोंदणीचं टेबल सांभाळणारी मुलं देणं. या कामात एक गोष्ट मला पक्की कळली आहे : ‘काहीही काम सांगा’ म्हणणारा स्वयंसेवक सर्वांत आधी गळतो, आणि ‘मला शनिवारी दुपारी दोन तास आहेत’ म्हणणारा वर्षानुवर्षं टिकतो. म्हणून मी काम लहान तुकड्यांत पाडून देते.

सांगायचंय ते गौरी-गणपती विसर्जनाच्या एका दिवसाबद्दल.

आमच्याकडे घरगुती गणपती बहुतेक गौरी-शंकरोबासोबतच जातात, म्हणजे सगळं शहर एकाच दिवशी पाण्याकडे निघतं. अंधश्रद्धा निर्मूलन चळवळीतल्या कार्यकर्त्यांनी मूर्तिदान आणि निर्माल्यदानाचा विषय काढला तेव्हा त्यांना भरपूर विरोध सोसावा लागला. आज चित्र बदललंय. घाटावर गुऱ्हाळावरच्या मोठमोठ्या काहिली पाण्यानं भरून ठेवलेल्या असतात. लोक आरती करतात, काहिलीत मूर्ती बुडवतात आणि शांतपणे स्वयंसेवकाच्या हाती देतात. तिथून टेम्पोनं मूर्ती इराणी खणीकडे, म्हणजे पाण्यानं भरलेल्या एका जुन्या दगडखाणीकडे जातात. मूर्तीचं तंत्र बसलं, पण निर्माल्याचं काही बसत नव्हतं. कॉलेजची मुलं पुढे उभी राहून पिशव्या घेत आणि मागे ढिगावर टाकत. त्या ढिगाशी कचरा वेचणाऱ्या मावशी बसलेल्या असत. संध्याकाळी मुलं प्रमाणपत्र घेऊन घरी जात आणि मावशी रात्री उशिरापर्यंत चिखलात बसून ते निवडत राहत.

ही उतरंड मला खुपत होती. निर्माल्यातलं काय खतात जातं, काय नाही, कशानं हात फाटतो, ओला ढीग किती वेळात आंबतो, हे घाटावर सर्वांत जास्त मावशींना माहीत. मग त्यांनी मागे का बसायचं? तयारीच्या बैठकीत मी मांडलं की प्रत्येक निर्माल्यकुंडाची गटप्रमुख एक मावशी असेल आणि विद्यार्थी तिच्या हाताखाली काम करतील. आणि मावशींना त्या दिवसाचा पुरता मोबदला मिळेल.

पहिल्या मुद्द्यावर लोकांनी एकमेकांकडे पाहिलं. दुसऱ्यावर मात्र खरी चर्चा झाली. ‘सेवेचे कसले पैसे? उद्या मुलंही मागतील,’ असं एक ज्येष्ठ सदस्य म्हणाले. माणूस प्रामाणिक, आयुष्यभर स्वतःच्या खिशातून खर्च केलेला. पण मला ते अजिबात पटलं नाही. एनएसएसच्या, म्हणजे राष्ट्रीय सेवा योजनेच्या, विद्यार्थ्याला दोन वर्षांत २४० तास भरायचे असतात, ते या दिवसातून भरतात. नोकरदार माणूस आपली सुट्टी देतो. मावशी त्या दिवशी फेरीला गेली नाही तर तिच्या घरी पैसेच येत नाहीत. तिच्याकडून ‘सेवा’ घेणं म्हणजे तिच्या ताटातलं घेणं. हे मी त्याच शब्दांत बोलले. शेवटी लक्ष्मीपुरीतल्या एका व्यापाऱ्यानं ती रक्कम उचलली आणि विषय मिटला.

विसर्जनाच्या सकाळी मुलं पंचगंगा घाटावर जमली. माझ्या हातात सूचनांचा कागद होता, तो मी पिशवीत ठेवला आणि थोरल्या मावशींना पुढे बोलावलं. त्यांनी भाषण वगैरे केलं नाही. कोणीतरी पहाटेच आणून ठेवलेली निर्माल्याची एक पिशवी त्यांनी तळाकडून धरली आणि ताडपत्रीवर उपडी केली.

“आता ह्यात हात घालून दाखवा,” त्या म्हणाल्या.

एक मुलगा वाकला. मावशींनी त्याचं मनगट धरलं. मग लांब आकड्यानं ढीग पसरून एकेक वस्तू बाजूला काढली : हाराच्या गोंड्यात खोचलेल्या टाचण्या, फुटलेल्या काचेच्या बांगड्या, मखराच्या थर्माकोलचे तुकडे, अर्धवट जळलेल्या उदबत्त्या. “आत हात घालायचा न्हाई. पिशवी कायम उपडी करायची. देणाऱ्याच्या हातातनं घेतानाच इचारायचं, काच हाय का. लोक सांगत्यात, इचारलं की.”

मग हार. झेंडूचा हार नायलॉनच्या दोऱ्यात ओवलेला असतो. तो तसाच खताच्या यंत्रात गेला की पात्यांना दोरा गुंडाळतो आणि यंत्र बसतं. मावशींनी गाठीपाशी कात्री लावली, दोऱ्याचं टोक पायाच्या अंगठ्यात धरलं आणि हाराला एक हिसका दिला. सगळी फुलं सर्रकन ताडपत्रीवर, दोरा पायात. मुलांनी करून पाहिलं तर निम्मी फुलं दोऱ्यालाच. “गाठीच्या उलट्या अंगानं वढा,” मावशी म्हणाल्या. थोड्या वेळानं जमायला लागलं. चार ढीग ठरले : फुलं-पत्री आणि गौरीच्या डहाळ्या एकीकडे, नारळ-फळं-सुपाऱ्या दुसरीकडे, ओटीचे खण आणि कापसाची वस्त्रं तिसरीकडे, प्लास्टिक-थर्माकोल चौथीकडे.

एका मुलीनं विचारलं, नदीत फुलं टाकली तर बिघडतं काय, ती तर कुजतातच. मी उत्तर देणार होते की कुजताना पाण्यातला प्राणवायू संपतो आणि माशांना तो पुरत नाही. मावशी आधीच बोलल्या, “कुजत्यात म्हणूनच नगं. खालच्या गावची बाई ह्येच पाणी भरती.” ही नदी पुढे इचलकरंजीवरून नृसिंहवाडीला कृष्णेला मिळते. काठावर सलग गावं आहेत. प्राणवायूचं मी नंतर सांगितलं, पण मुलीच्या लक्षात राहिली ती घागर भरणारी बाई, असं तिनंच मला सांगितलं.

दुपारनंतर गर्दी सुरू झाली. डोक्यावर पाट घेतलेले बाप, झांजा वाजवणारी पोरं, गौरीचं सूप सांभाळत पायऱ्या उतरणाऱ्या बायका. प्रत्येक कुंडाशी मावशीचा आवाज वेगळा. एक सारखी हाका मारणारी, एक नुसत्या हातानं खुणा करणारी. मुलं भराभर शिकली. मी बघत होते, आधीच्या वर्षांत तासाभरात मोबाइल काढून बसणारी मुलं या वेळी जागा सोडत नव्हती. समोर ते काम स्वतःच्या हातानं नीट करणारं माणूस असलं की नवशिक्याचे हात आपोआप चालतात. घोषणेनं ते होत नाही.

तेवढ्यात ते घडलं. चांगल्या घरातली एक बाई निर्माल्याची पिशवी घेऊन आल्या. कुंडाशी मावशी उभ्या होत्या, त्यांनी दोन्ही हात पुढे केले. बाईंनी त्यांना ओलांडून पिशवी मागच्या मुलासमोर धरली आणि म्हणाल्या, “तू घे रे. देवाचं आहे.”

मुलगा अकरावीतला असेल. त्यानं हात मागे घेतले. “काकू, इथल्या प्रमुख मावशी आहेत. त्यांच्याकडे द्या.”

बाईंनी पिशवी पायरीवर ठेवली आणि काही न बोलता निघून गेल्या. मुलानं ती उचलून मावशींच्या हाती दिली, मावशींनी ती उपडी केली आणि काम पुढे चालू राहिलं. माझ्या मात्र डोक्यात ते राहिलं. याच शहरात दलित समाजातल्या गंगाराम कांबळे यांनी चहाचं हॉटेल काढलं तेव्हा लोक तिथला चहा पिईनात, म्हणून शाहू महाराज स्वतः गाडी थांबवून तिथे चहा घेत. ही गोष्ट आम्ही दर जयंतीला सांगतो. घाटावरच्या पायरीवर ठेवलेली ती पिशवी त्याच गोष्टीचा न संपलेला भाग आहे, असं मला वाटतं. मी नंतर मावशींना विचारलं, वाईट वाटलं का. “रोजचंच हाय ताई. पर पोरगं बोललं ते रोजचं न्हवतं.”

अंधार पडता पडता पाऊस कोसळला आणि सगळं एकदम अडलं. निर्माल्य नेणारी गाडी गर्दीत लांब अडकली. कुंडं भरली, ताडपत्रीवर पाणी साचायला लागलं, पायऱ्या निसरड्या. गर्दी सावरायला आलेली जवळच्या तालमींची पोरं मदतीला धावली. मनानं चांगली आणि अंगानं दणकट पोरं. त्यांनी फावडी घेतली आणि मोकळा झालेला एक डंपर मागे घेऊन सगळे ढीग त्यात भरायला सुरुवात केली.

थोरल्या मावशी डंपरच्या मागे जाऊन उभ्या राहिल्या.

“भरू नगा. मिसळलं की गेलं सगळं.”

चालकाचंही खरं होतं. त्याला अजून फेऱ्या होत्या आणि मागे गाड्या तुंबल्या होत्या. मी त्याच्याशी बोलायला पुढे झाले, तोवर मावशींनीच तोडगा काढला. “दादा, तुमी हितनं प्लास्टिक आन् थर्माकोल तेवढं न्ह्या, त्ये तुमचंच हाय. फुलं मी वर काढतो.” मग त्या पोरांकडे वळल्या. “पैलवान, तुमी पायरीपायरीला एकेक जण हुबं ऱ्हावा. क्रेट हातातनं हातात. पळायचं न्हाई, पाय घसरतोय.”

आणि ती पोरं उभी राहिली. एरवी मिरवणुकीत कुणाचं न ऐकणारी. घाटाच्या तळापासून वरच्या कोरड्या ओवरीपर्यंत माणसांची साखळी लागली. खालून फुलांचे क्रेट वर, वरून रिकामे खाली. वर दुसऱ्या मावशी ते कोरड्या जागेवर पसरवत होत्या, कारण ओल्या ढिगाखाली ऊब धरते आणि सकाळपर्यंत वास सुटतो. कोणीतरी ‘गणपती बाप्पा मोरया’ सुरू केलं, त्या तालावर क्रेट सरकायला लागले. मी अशा कामांच्या आखणीवर पुष्कळ बैठका घेतल्या आहेत. इतकी साधी आणि अचूक विभागणी त्यातल्या एकाही बैठकीत झालेली मला आठवत नाही. निर्माल्याची गाडी पोचली तेव्हा फुलं वेगळी, कोरड्यात, दोऱ्याविना तयार होती.

रात्री मोबदल्याची पाकिटं दिली. मावशींनी तिथेच मोजून घेतली, ते मला आवडलं.

त्यानंतरच्या आढावा बैठकीला मावशींना बोलावून खुर्चीवर बसवलं होतं. इतर लोक ‘छान झालं’ म्हणत होते. मावशी मागण्या घेऊन आल्या होत्या. आकड्यांचे दांडे लांब हवेत, वाकून कंबर जाते. गमबूट पुरुषांच्या मापाचे दिले, त्यात पाय खेळतो आणि चिखलात बूट मागे राहतो. बायकांच्या मापाचे आणा. कात्र्या जास्त हव्यात. आणि शेवटी एक मावशी खाली बघत म्हणाल्या की दिवसभर त्यांनी पाणीच प्यायलं नव्हतं. जवळपास बायकांना जायला सोय नाही, म्हणून. बाजूला बसलेल्या दोन कॉलेजच्या मुली लगेच बोलल्या, आम्हीपण नाही प्यायलो.

इतक्या वर्षांत हा मुद्दा कुठल्याही अहवालात आला नव्हता, कारण अहवाल लिहिणारे घाटावर तासाभरासाठी येतात. आम्ही घाटाजवळच्या घरांत विचारत फिरलो. दोन कुटुंबांनी त्या दिवसापुरतं आपलं स्वच्छतागृह उघडं ठेवायचं कबूल केलं, एकानं तर हात धुवायला गरम पाण्याचीही सोय करतो म्हटलं. आता कुठल्याही संस्थेनं आमच्याकडे स्वयंसेवक मागितले की माझा पहिला प्रश्न ठरलेला असतो : बायकांना जायची सोय कुठे आहे? उत्तर आल्याशिवाय मी नावांची यादी पाठवत नाही. काही संस्था चिडतात, पण सोय करतात.

मोबदल्याचा वाद अजून संपलेला नाही. ते ज्येष्ठ सदस्य पुन्हा तोच मुद्दा काढणार आणि मी पुन्हा तेच बोलणार. फरक एवढाच की या खेपेला थोरल्या मावशी समोर बसलेल्या असतील. बैठकीची तारीखही त्यांनीच सांगितली आहे, भंगाराच्या हिशेबाचा वार टाळून.