दहीहंडीला सहा महिने होतील, चढू का?

तुम्ही विचारलंत म्हणून एकदाच सविस्तर लिहिते. मी फिजिओथेरपिस्ट. फेब्रुवारीत एसीएलचं, म्हणजे गुडघ्यात हाडाला हाड बांधणाऱ्या तुटलेल्या लिगामेंटचं, ऑपरेशन झालेली मुलं जुलै उजाडला की हाच प्रश्न घेऊन येतात. ठाण्यात तर येणारच! "मॅडम, सर्जन सर सहा महिने म्हणाले होते." म्हणाले असतील. त्यापुढचं "मांडी भरली तर" एवढंच घरी पोचेपर्यंत गळतं.

तुटलेल्या लिगामेंटच्या जागी बसवलेला ग्राफ्ट हा टेंडन असतो, म्हणजे स्नायूला हाडाशी जोडणारी दोरी. मांडीमागच्या हॅमस्ट्रिंगचा, वाटीखालचा किंवा हल्ली घोट्याजवळच्या पेरोनियस लाँगस स्नायूचा. बटण आणि स्क्रू त्याला हाडातल्या बोगद्यात पहिल्या दिवसापासून धरून ठेवतात. पण त्याचा रक्तपुरवठा तुटलेला असतो. आतल्या पेशी मरतात, नव्या रक्तवाहिन्या शिरतात, मग हळूहळू त्याचं लिगामेंटसारखं काहीतरी बनतं. या उलथापालथीत साधारण सहाव्या ते बाराव्या आठवड्यात तो सगळ्यात कच्चा असतो. नेमकी तेव्हाच सूज उतरलेली असते, कुबड्या माळ्यावर गेलेल्या असतात आणि जिन्यावरून धावत लोकल पकडावीशी वाटते. ग्राफ्ट कच्चा आहे हे दुखून कळत नाही, सगळा घोटाळा तिथेच होतो.

खरं नुकसान मात्र त्याच्याही आधी, पहिल्या पंधरवड्यात, घरच्या पलंगावर होतं. आई मायेने गुडघ्याखाली उशी सरकवते. बरं वाटतं, कारण सुजलेल्या सांध्याला किंचित वाकलेलंच राहायचं असतं. पण तसा राहिलेला गुडघा पुढे पूर्ण सरळ होत नाही. कधी ग्राफ्टच्या पुढ्यात जखमेच्या पेशींची गाठ धरते, मग ती काढायला पुन्हा दुर्बीण घालावी लागते. उशी काढा. टॉवेलची गुंडाळी टाचेखाली ठेवा, गुडघा अधांतरी राहू द्या. दहा मिनिटं, दिवसातून चार-पाच वेळा. मग गुडघ्यामागचा भाग गादीत दाबून पाच सेकंद धरा आणि वाटी वर सरकते का ते बोट ठेवून बघा. सरकत नसेल तर मांडीचा पुढचा स्नायू, क्वाड्रिसेप्स, झोपलेला आहे. सांध्यातलं पाणीच त्याला बंद पाडतं, त्यात आळसाचा प्रश्न नाही. तो नुसत्या इच्छेने जागा होत नसेल तर विजेच्या स्टिम्युलेशनचं मशीन लावून, सोबत स्वतः आवळून जागा करायचा. पाय सरळ उचलताना गुडघा जराही वाकत नाही, तोवर कुबड्या सोडू नका. आणि शेजारच्याचा व्यायामाचा तक्ता वापरू नका. गुडघ्यातली गादी, म्हणजे मेनिस्कस, शिवली असेल तर वजन आणि वाकवणं सर्जन सांगेल तेवढंच, बहुतेकदा पहिले काही आठवडे नव्वद अंशांच्या आत.

"तुम्हाला सेशन वाढवायची असतात," असंही ऐकवतात. राग येतो, पण अर्धं खरं आहे. शेक देऊन, मशीन लावून वीस मिनिटं झोपवणारी दुकानं आहेत. त्याने मांडी भरत नाही. लेग प्रेस, एका पायाचे स्क्वॅट, आठवड्यातून दोन-तीनदा, वजन वाढवत, महिनोन्महिने: भरते ती यानेच. तुमच्या सोसायटीच्या जिममध्ये करा, माझ्याकडे नको.

मग टेस्ट. एका पायावर लांब उडी, सलग तीन उड्या, रेषेवरून आडव्या-तिडव्या तीन, आणि सहा मीटर वेळ लावून. शिवाय क्वाड्रिसेप्सची ताकद मोजायची. ऑपरेशनचा पाय चांगल्याच्या किमान ९० टक्के हवा. यातही फसगत आहे. इतके महिने बसून चांगला पायही अशक्त होतो आणि टक्केवारी छान दिसते. उडीचं अंतर बरोबर येतं, पण उतरताना गुडघा आत कोसळतो किंवा सगळा भार कमरेवर घेतला जातो. म्हणून मी अंतराआधी उतरणं बघते.

२०१६च्या डेलावेअर-ऑस्लो अभ्यासात नवव्या महिन्यापर्यंत खेळात परतणं जितके महिने लांबवलं, तितका गुडघ्याला पुन्हा इजा होण्याचा दर महिन्यागणिक जवळपास निम्मा झाला. म्हणून आम्ही नऊ म्हणतो. पण नऊ तरी काय, तेही कॅलेंडरच. दहाव्या महिन्यात ७० टक्क्यांवर अडकलेली मुलं असतात. सगळ्या टेस्ट पास होऊन पुन्हा फाटलेलेही गुडघे असतात. कुणी पाय कितपत धोक्यात घालावा, हे टेस्ट सांगत नाही, मीही सांगू शकत नाही.

हंडीचं मात्र सांगते. नाही. "मी खालच्या थरात उभा राहीन" हेही नाही. उभं राहण्याचा भार गुडघा पेलेलही, पण थर कोसळतो तेव्हा पाय जमिनीवर रोवलेला असतो आणि अंग पिळलं जातं, वर माणसं पडतात. एसीएल तुटायला आणखी काय लागतं? कबड्डीत पाय पकडला जातो तेव्हा हेच होतं. नोव्हेंबरात टेस्टला या. येताना नेहमीचे बूट घालून या, चपलेवर उडी घेऊ देणार नाही.