तुम्ही विचारलंत म्हणून: तिकडे महिन्याला किती लागतात?

मे-जून आला की माझा फोन वाजायला लागतो. सांगलीहून, मिरजेहून, कधी ओळखीच्या ओळखीतून नाशिक-जळगावहून. बहुतेक वेळा आई बोलते आणि वडील शेजारी बसून कागदावर आकडे मांडत असतात, ते फोनवरही कळतं. "ताई, मुलीला इंग्लंडमध्ये लेस्टरला ॲडमिशन मिळालीय. तिकडे महिन्याला किती लागतात हो?"

आकडा मी सांगते. पण त्याआधी मीच विचारते, विमानातून उतरल्यावर पहिल्या पंधरा दिवसांत मुलीच्या हातात किती असतील? कारण मी अडकले ती तिथेच. महिन्याचा खर्च पोटाला चिमटा काढून भागवता येतो. घराचे पहिले पैसे तसे भागत नाहीत, ते एकरकमी मोजावे लागतात.

मी २०२२ च्या सप्टेंबरात एका वर्षाच्या एम.एस्सी.साठी लेस्टरला आले. नारबरो रोडच्या मागे एकमेकींना चिकटून उभ्या असलेल्या विटांच्या घरांच्या रांगा आहेत, त्यातल्या एका घरात खोली मिळाली. पाच जणी, एक बाथरूम, एक स्वयंपाकघर. भाडं महिना ४२० पौंड. माझ्या वहीत तेवढंच लिहिलेलं होतं. घरभाड्याच्या एजंटने विचारलं, तुला इथे जामीन कोण राहणार? म्हणजे ब्रिटनमध्ये राहणारा, चांगल्या पगाराचा माणूस. माझं इथे कोण होतं? मग जामीन नाही तर सहा महिन्यांचं भाडं आगाऊ. ४२० गुणिले सहा, २,५२०. वर पाच आठवड्यांचं डिपॉझिट, ४८४. झाले तीन हजार पौंड, तेव्हाच्या दराने पावणेतीन लाख रुपये. अंथरूण-पांघरूण आणि भांडीकुंडी अजून घ्यायचीच होती. बाबांनी पतसंस्थेतून उचल घेऊन पैसे पाठवले. ते येईपर्यंतचे अकरा दिवस मी एका मैत्रिणीच्या खोलीत जमिनीवर झोपले.

यातलं काही आता बदललंय, ते नीट लक्षात घ्या. इंग्लंडमध्ये १ मे २०२६ पासून भाडेकरूंचा नवा कायदा आहे. खासगी घरमालकाला एका महिन्याहून जास्त आगाऊ भाडं मागता येत नाही. डिपॉझिटवर पाच आठवड्यांच्या भाड्याची मर्यादा २०१९ पासूनच आहे, आणि खोली धरून ठेवायची रक्कम एका आठवड्याच्या भाड्यापेक्षा जास्त घेता येत नाही. पण जामिनाची अट काही गेलेली नाही, आणि आगाऊ भाडं बंद झाल्यावर मालक जामिनावरच अडून बसणार, असं मला वाटतं. विद्यापीठाच्या आणि मोठ्या कंपन्यांच्या विद्यार्थी वसतिगृहांना हा आगाऊ भाड्याचा नियम लागू नाही. स्कॉटलंड आणि वेल्सचे कायदे वेगळे. मुलगी ग्लासगोला जाणार असेल तर माझे हे आकडे धरू नका.

आता जे बोलताना मी थोडी कठोर होते, ते सांगते. व्हिसासाठी राहण्या-खाण्याचे पैसे खात्यावर २८ दिवस दाखवावे लागतात. नोव्हेंबर २०२५ पासून लंडनबाहेर महिना १,१७१ पौंड आणि लंडनमध्ये १,५२९, नऊ महिन्यांचे. लंडनबाहेरचे म्हणजे १०,५३९ पौंड, आजच्या दराने बारा लाखांच्या पुढे. आपल्याकडे याला सर्रास 'दाखवायचे पैसे' म्हणतात. मामाकडून, कामावरच्या मालकाकडून महिन्यासाठी घ्यायचे, दाखवायचे, व्हिसा आला की परत करायचे. मी हात जोडून सांगते, हे करू नका. ते पैसे दाखवायचे नाहीत, खर्चायचे आहेत. तो सरकारी आकडा फुगवलेला नाही. इथे राहून, वहीत रोज लिहून मी हे सांगतेय. शैक्षणिक कर्जातली फी बँक बहुधा थेट विद्यापीठाला भरते, राहण्याचा हप्ता मागाहून येतो, आणि घरमालक त्या हप्त्यासाठी थांबत नाही.

"पण ती पार्टटाइम करेल ना?" हा पुढचा प्रश्न ठरलेला असतो. करेल. सत्र चालू असताना आठवड्याला २० तासांची मुभा आहे. एप्रिल २०२६ पासून २१ वर्षं पूर्ण झालेल्यांना ताशी किमान १२.७१ पौंड, म्हणजे पूर्ण २० तास मिळाले तर आठवड्याला २५४. पण मिळाले तर. मी ऑक्टोबरपासून अर्ज करत होते आणि पहिलं काम मिळालं जानेवारीत, एका गोदामात, शनिवार-रविवार. मधले साडेतीन महिने घरच्या पैशांवर. म्हणून पार्टटाइमचे पैसे कागदावर मांडायचेच नाहीत. आले तर आले.

भाड्याच्या मागून येते ती थंडी. आमच्या घरात जिन्याखालच्या कपाटात प्रीपेड मीटर होते, विजेला एक निळी किल्ली, गॅसला एक कार्ड. कोपऱ्यावरच्या दुकानात जाऊन ते भरून आणायचं आणि मीटरमध्ये घालायचं. दर रविवारी प्रत्येकीने फ्रिजवरच्या डब्यात आठ पौंड टाकायचे, असं ठरलेलं. पहिल्या आठवड्यात हे आम्हाला कोणी सांगितलंच नव्हतं. मी डोक्याला शाम्पू लावून उभी आणि पाणी एकदम गार. दुसरी ओले केस बांधून कार्ड घेऊन पळाली, तर दुकान बंद व्हायला पाच मिनिटं बाकी. तो हिवाळा फार महागाईचा होता, ऑक्टोबर २०२२ मध्ये इथली महागाई ११.१ टक्क्यांवर गेली होती. सरकारने वीजबिलासाठी घरटी ४०० पौंड दिले. आमच्यासारख्या जुन्या मीटरवाल्यांना ते दर महिन्याला ६६-६७ पौंडांच्या व्हाउचरने पोस्टाने यायचे. पहिलं व्हाउचर आम्ही जाहिरातीचा कागद समजून बाजूला ठेवलं होतं, रद्दीत जाता जाता वाचलं. आणि आपल्या वीजबिलात असतो तसा स्थिर आकार इथेही असतो. नाताळात कोणीच घरी नव्हतं, तरी मीटर रोज थोडं थोडं खातच होतं.

म्हणून खोली बघताना माझा पहिला प्रश्न, बिलं भाड्यात धरलीत का? महिना ४० पौंड जास्त पडले तरी बिलांसकट खोली घ्या. एकटी असताना डिसेंबरात हीटर लावू की नको या विचारात अभ्यास होत नाही. मी दोन स्वेटर घालून प्रबंध लिहिलाय, ते दिवस दुसऱ्या कुणावर येऊ नयेत.

कपडे खोलीतच वाळवायचे, खिडकी थंडीमुळे बंद, त्यामुळे जानेवारीत खिडकीच्या कडेला काळी बुरशी आली. घर सोडताना एजंटने साफसफाईचे म्हणून १२० पौंड कापतो म्हणून कळवलं. पण त्या भिंतीवर जुनी ओल आधीपासून होती, आणि पहिल्या दिवशी मी सगळ्या खोलीचे फोटो काढून एजंटला ईमेल केले होते. इथे डिपॉझिट मालकाने ३० दिवसांच्या आत सरकारमान्य योजनेत नोंदवावं लागतं, आणि वाद झाला तर तिथे फुकट निवाडा होतो. मला पूर्ण पैसे परत मिळाले. राहायला गेल्याबरोबर पिशव्या उघडायच्या आधी फोटो काढा, एवढं मुलीला सांगाच.

घर न बघता पैसे मात्र पाठवू नका. "मी सध्या परदेशात आहे, किल्ली कुरिअरने पाठवतो" असं म्हणणाऱ्या 'मालकाला' नाशिकच्या एका मुलाने ९०० पौंड पाठवले होते. तो दोन बॅगा घेऊन त्या पत्त्यावर पोहोचला तर दार उघडलं एका वेगळ्याच कुटुंबाने, आणि त्यांना काहीच ठाऊक नव्हतं. पहिले दोन-तीन आठवडे विद्यापीठाच्या वसतिगृहात किंवा नातेवाइकांकडे काढा, आणि खोली डोळ्यांनी बघून घ्या. ओळखीचं कुणी त्या गावात असेल तर त्यांना आधी जाऊन बघायला सांगा. लेस्टरमध्ये असेल तर मला सांगा, शनिवारी मी जाते.

खाण्याचं फारसं अवघड नाही. कणीक, तूरडाळ, मसाले इथे सगळं मिळतं, दहा किलोची पिशवी पाच जणींत घेतली की परवडते. माझे २०२२-२३ मध्ये भाडं, मीटर, खाणं, बस, फोन सगळं धरून महिन्याला ६३० पौंडांच्या आसपास गेले. आज तेवढ्यात भागणार नाही. लंडनबाहेर घरात वाटून राहिलात तर ९०० ते १,१०० धरा, आणि घराच्या पहिल्या पैशांसाठी दीड-दोन हजार पौंड वेगळे, मुलीच्याच खात्यावर, विमानात बसायच्या आधी.

मी ते घर २०२३ च्या ऑगस्टमध्ये सोडलं. सप्टेंबरात नव्या मुली येणार होत्या. निघताना निळी किल्ली मीटरमध्येच ठेवली, त्यात सहा पौंड होते. आणि कपाटाच्या दाराला आतून एक कागद चिकटवला: किल्ली कुठे भरायची, दुकान किती वाजता बंद होतं, आणि पोस्टाने आलेला कुठलाही कागद उघडून बघितल्याशिवाय टाकू नका.