क्राकूफचं पी-११सी : मोजपट्टी, कॅमेरा आणि दोन दिवस

पोलिश विमानांची मॉडेलं करणाऱ्याला आज ना उद्या क्राकूफ गाठावंच लागतं. सप्टेंबर १९३९मध्ये जर्मन विमानांशी भिडलेल्या पीझेडएल पी-११सी या लढाऊ विमानाचा जगात एकच नग उरलाय, आणि तो इथल्या पोलिश विमान संग्रहालयात आहे. किटच्या सूचनापत्रकात जे दिसत नाही, ते त्याच्याभोवती दोन फेऱ्या मारल्या की दिसतं. पण नुसते फोटो काढून आणले तर घरी टेबलावर बसल्यावर नेमका हवा तो कोपरा सापडत नाही. म्हणून आधी किट उघडून, भाग गोंद न लावता कोरडे जुळवून, जिथे जिथे अडतं तिथले प्रश्न वहीत लिहून न्यावेत.

वॉर्सॉहून थेट वेगवान गाडी धरली तर अडीच तासांच्या आसपास क्राकूफ. संग्रहालय शहराच्या पूर्वेला, राकोवित्से-चिझिनीच्या जुन्या विमानतळावर आहे. नोवा हुताकडे जाणाऱ्या ट्राम समोरच्या हमरस्त्यावरूनच जातात. कागदी तिकीट घेतलं असेल तर डब्यात चढल्याबरोबर यंत्रात छापून घ्यायचं, नाहीतर खिशात तिकीट असूनही दंड. वेळा आणि सुट्टीचा वार आदल्या दिवशी संग्रहालयाच्या संकेतस्थळावर पाहून घ्या. विमानं एका दालनातून दुसरीकडे हलवली जातात, म्हणून तिकीटखिडकीवरच विचारावं, "पी-११ सध्या कुठे आहे?" ट्रायपॉड चालेल का, हेही तिथेच विचारून टाकावं. एक दिवस पी-११ला, दुसरा बाकी सगळ्याला. एका दिवसात उरकायला गेलात तर बाहेरची जेट उन्हं कलल्यावर घाईघाईत होतात.

पी-११समोर उभं राहिल्यावर आधी लांब जा. पाच-सहा मीटरवरून झूम लावून बाजूचा, समोरचा आणि मागचा फोटो घ्या. मोबाइलच्या रुंद लेन्सने जवळून काढलेल्या फोटोत नाक फुगतं, पंखांचा बाक खोटा दिसतो आणि त्यावरून माप घेतलं की सगळं चुकतं. अस्सल मापं पाठ असू द्या : पंखविस्तार १०.७२ मीटर, लांबी ७.५५ मीटर. म्हणजे १/७२ प्रमाणाच्या मॉडेलमध्ये साधारण १४९ आणि १०५ मिलिमीटर, १/४८मध्ये पंख २२३, १/३२मध्ये ३३५. पोलंडमध्ये कागदी मॉडेलांची जुनी परंपरा आहे, तिचं लाडकं माप १/३३. त्यात पंख ३२५च्या आसपास येतात.

मग जवळ या. झिग्मुंट पुवावस्कीने आखलेला हा पंख धडाशी मिळताना पातळ होत खाली वळतो, त्यामुळे वैमानिकाला पुढचं मोकळं दिसतं. हा वळणाचा भाग, दोन्ही बाजूंच्या आधारदांड्या कुठे टेकतात ती जागा आणि पंखाच्या पत्र्यावरच्या बारीक पन्हळी, यांचे किमान दहा फोटो हवेत. पन्हळीवर उजेड बाजूने पडतो तिथून काढा. फ्लॅश मारला की सगळं सपाट दिसतं. जवळ, पण विमानाला न टेकवता, मोजपट्टी धरा, म्हणजे पन्हळी किती अंतरावर आहेत ते नंतर मोजता येतं. कुठे पन्हळी आणि कुठे गुळगुळीत पत्रा, याची वहीत रेखाटनावर खूण करा. धडाचा मागचा भाग गुळगुळीत आहे, आणि मॉडेलवर तिथे जोड सँडपेपरने घासायला भीती नाही.

पुढची पाळी चाकांची. पुवावस्कीच्या या रचनेत धक्के झेलणारा भाग धडाच्या आत असतो आणि बाहेर कात्रीसारख्या दांड्या व ताणतारा तेवढ्या दिसतात. जमिनीलगत बसून खालून काढा. नऊ जणांपैकी आठ जण इथेच आळस करतात आणि मग तारा कुठून कुठे जातात हे अंदाजाने लावतात. सहा मिलिमीटरची तार १/७२मध्ये ०.०८ मिलिमीटर होते, त्यामुळे किटमधली जाड प्लास्टिकची दांडी काढून ताणलेला स्प्रू (किटच्या भागांभोवतीची प्लास्टिकची चौकट तापवून ओढलेला धागा) किंवा बारीक धातूची तार लावणंच बरं. इंजिन नऊ सिलिंडरचं ब्रिस्टल मर्क्युरी. त्याच्या पुढच्या कड्यातून धूर गोळा करणारी नळी जाते, तिचा जळका तपकिरी-निळसर रंग नीट टिपा. पंखा लाकडी, दोन पात्यांचा.

आता एक सावधगिरी. या विमानाचा रंग म्हणजे १९३९चा पुरावा नव्हे. जर्मनांनी ते विजयचिन्ह म्हणून बर्लिनच्या संग्रहालयात मांडलं, बाँबहल्ल्यांमुळे पूर्वेकडे हलवलं आणि युद्धानंतर ते पोलंडच्या हाती आलं. पुढे डागडुजी आणि रंगकाम झालं. त्यावर क्राकूफच्या १२१व्या स्क्वाड्रनच्या खुणा आहेत. आकार, पन्हळी, खिळे, झाकणं यासाठी डोळे झाकून विश्वास ठेवा. रंगाच्या छटेसाठी जुने कृष्णधवल फोटो आणि पोलिश अभ्यासकांचं लेखन जुळवून बघा. शेजारधर्म म्हणून इथल्या स्पिटफायरचं उदाहरण घ्या. हे एसएम४११ विमान १९७७मध्ये ब्रिटनकडून डीएच-९ए या जुन्या ब्रिटिश बाँबफेकी विमानाच्या बदल्यात आलं आणि त्याच्या अंगावर ३०८ पोलिश स्क्वाड्रनच्या टीबी९९५ या दुसऱ्याच स्पिटफायरच्या खुणा आहेत. अंगावरचा नंबर बघून मॉडेल केलं तर एका विमानाचा सांगाडा आणि दुसऱ्याचा अंगरखा, असं होऊन बसतं.

पोलिश 'खाकी' ऐकून आपल्या डोळ्यांपुढे पोलिसांचा गणवेश येतो, पण वरचा रंग त्यापेक्षा हिरवट-तपकिरी आहे. खालचा फिकट निळसर-करडा. हताका या पोलिश कंपनीचे पूर्वयुद्धकालीन पोलिश रंगांचे संच मिळतात. शाखोव्नित्सा, म्हणजे लाल-पांढरी चौकटी खूण, हा सापळा आहे. १९९३पर्यंत बघणाऱ्याच्या डाव्या हाताला वरचा चौकोन लाल असे; १९९३ला रंगांची अदलाबदल होऊन तो पांढरा झाला. पी-११वर आणि समाजवादी काळातल्या जेटवर आजची खूण चिकटवली की जाणकार पहिल्या नजरेत पकडतो. डिकाल, म्हणजे पाण्यात भिजवून चिकटवायच्या छापील खुणा, उलटे छापलेलेही हाती येतात, म्हणून पाण्यात बुडवण्याआधी तपासा.

दुसऱ्या दिवशी बाहेरच्या जेटकडे. पोलंडमध्ये परवान्यावर बनलेली मिग विमानं 'लिम' नावाने ओळखली जात : लिम-२ म्हणजे मिग-१५बिस, लिम-५ म्हणजे मिग-१७एफ. लिम-६बिस मात्र पोलिश मंडळींनी हल्ल्यासाठी बदललेलं. पंखाच्या मुळाशी जादा शस्त्र-आधार आणि सुकाणूखाली ब्रेक-पॅराशूटची पेटी. म्हणून मिग-१७एफच्या किटमधून लिम-६बिस करायचं तर या दोन जागांचे फोटो सोडू नका. उघड्यावरची जेट विटलेली आणि डागाळलेली दिसतात. ते वर्षानुवर्षांचं ऊन-पाऊस आहे, सेवेतल्या विमानाचा मळ नव्हे. ते रंगवायला गेलात तर तुमचं लिम भंगारात गेल्यासारखं दिसेल.

आता टेबलावर. १/७२चं पी-११सी आर्मा हॉबीचं, १/३२चं आयबीजीचं. दोन्ही कंपन्या पोलिश. कुठलंही घ्या, गोची एकच : पन्हळीवर घासकाम. जोडाच्या दोन्ही बाजूंना मास्किंग टेपचे दोन-दोन थर चिकटवूनच घासा. पन्हळ पुसली गेलीच तर स्टीलच्या पट्टीला धरून बारीक दातांची करवत ओढत रेघ परत आणा. प्राइमर, म्हणजे रंगाआधीचा अस्तराचा हात, जाड मारू नका. लॅकर प्राइमर एकास दोन थिनर, स्प्रेचा दाब १५ पीएसआयच्या आसपास, दोन पातळ हात. एकदम ओला हात दिला की पन्हळी बुजतात आणि मग काही केल्या परत येत नाहीत. वॉशसाठी, म्हणजे खाचांत उतरवायच्या पातळ रंगासाठी, काळा रंग वापरला की पंख झेब्रा होतो. मूळ रंगापेक्षा एक छटा गडद पुरे.

पंख बसवताना पुठ्ठ्याचा साचा करा, दोन्ही टोकांची टेबलापासूनची उंची सारखी येऊ द्या. सावकाश सुकणारा गोंद लावून तो मऊ असतानाच आधारदांड्या बसवा आणि बारा तास हात लावू नका. घाईत इन्स्टंट गोंद लावला तर पंख एका बाजूला झुकतो आणि दांडी पोचत नाही.

पन्हळीवर डिकाल तंबूसारखा ताणला जातो. आधी चकचकीत वार्निश, मग मऊ करणारं द्रावण, मग ओल्या कापसाच्या काडीने पन्हळीच्या दिशेने दाबणं, आडवं नव्हे. फुगलं तर सुईने टोचून पुन्हा द्रावण. हे दोन-तीनदा करावं लागतं. सुरकुत्या पडल्या तरी ओलं असताना ओढू नका, वाळताना बसतं. पावसाळ्यात आपल्याकडे, विशेषतः कोकणात, डिकाल पिवळे पडतात आणि कागदी मॉडेलचा पुठ्ठा वाकतो. म्हणून डिकाल सिलिका जेलसकट झिपच्या पिशवीत ठेवा आणि कागदी भागांना आतून पातळ लॅकरचा हात द्या. पोलंडहून परतताना गोंद, थिनर आणि लॅकर रंग विमानाच्या सामानात चालत नाहीत, ते ज्वलनशील असतात. किट, डिकाल आणि पाण्यात मिसळणारे रंग आणा. किटमधले पारदर्शक 'काचेचे' भाग मात्र हातातल्या बॅगेत.

संग्रहालयात टीएस-११ इस्क्रा हे पोलिश जेट दिसलं की आपल्याकडच्या मॉडेलवाल्याने थांबायलाच हवं. भारतीय हवाई दलाने एकूण ७६ इस्क्रा प्रशिक्षण विमानं घेतली, हैदराबादजवळच्या हकिमपेटमध्ये ती वापरली आणि २००४मध्ये निवृत्त केली. आर्मा हॉबीचं १/७२ इस्क्रा घेऊन भारतीय खुणा रंगवता येतात, फक्त त्या आपल्या हवाई दलाच्या फोटोंवरूनच घ्या. शेपटीचा दांडा लांब आणि पुढचं चाक नाकाखाली, त्यामुळे मॉडेल शेपटीवर बसतं. धड टेपने जोडून, मुख्य चाकांच्या रेषेखाली पेन्सिल ठेवून तोलून पाहा आणि मासेमारीच्या दुकानात मिळणाऱ्या शिशाच्या गोळ्या नाकात, चाकाच्या खळग्याच्या वर आणि डॅशबोर्डच्या पुढे भरा. तोल पुढे झुकला तरी आणखी दोन ग्रॅम घाला, कारण रंग, डिकाल आणि शेपटीचे उरलेले भाग नंतर वजन वाढवतात, आणि धड बंद झाल्यावर शिसं आत घालायला वाट उरत नाही.