महिन्याला एकच गोरिला

दुपारी जेवण अंगावर आलं होतं, काम पुढे सरकत नव्हतं, आणि संगणकावर भलतंच काहीतरी उघडलं गेलं. ‘स्ट्रेंज अ‍ॅडव्हेंचर्स’ या अमेरिकन कॉमिकच्या १९५१ सालच्या आठव्या अंकाचं मुखपृष्ठ. पिंजऱ्यात गोरिला, बाहेर एक बाई, आणि गोरिलाचा तिला लेखी निरोप: माझ्यावर विश्वास ठेव, मी एका भयंकर वैज्ञानिक प्रयोगाचा बळी आहे. खाली सही, राल्फ.

अक्षर तरी ओळखायचं की नाही बाईने!

अंक दणकून खपला. संपादक ज्युलियस श्वार्ट्झने पुन्हा गोरिला छापला, पुन्हा खप वाढला. मग ते कॉमिक काढणाऱ्या डीसी कंपनीच्या सगळ्याच संपादकांना गोरिला हवा झाला आणि शेवटी म्हणे नियम करावा लागला, महिन्याला एकच. १९५९मध्ये तर डीसीच्या फ्लॅश या सुपरहिरोसमोर ग्रॉड नावाचा महाबुद्धिमान गोरिला खलनायक म्हणून उभा राहिला. नुसता गोरिला कुणाला नकोच होता. त्याला लिहिता यायला हवं, कट शिजवता यायला हवा. केळं सोलत बसलेल्या गोरिलासाठी दहा सेंट कोण मोजणार?

श्वार्ट्झ पुष्कळदा मुखपृष्ठच आधी काढून घ्यायचा. मग लेखकाला सांगायचा, आता याला गोष्ट लाव. पाळणा सजला, बाळाचं बघू पुढे.

आमचं उलट होतं. भाड्याने पुस्तकं देणाऱ्या काकांकडे इंद्रजाल कॉमिक्स असत, वेताळाचे, मँड्रेकचे. फाटू नयेत म्हणून काका ते दाभणाने भोकं पाडून सुतळीने शिवत आणि वरून खाकी कागद डकवून टाकत. मुखपृष्ठ कायमचं गडप. खाकीवर निळ्या शाईत नुसता नंबर. त्यात शिवण इतकी आतून, की डावीकडच्या फुग्यांतली पहिली दोन-तीन अक्षरं सुतळीखाली जात. वेताळ चाच्यांना नेमका काय दम देतोय ते निम्मं अंदाजानेच वाचायचं. अंक फार ताणून उघडला की काका ओरडत, त्यामुळे डोकं तिरकं करून फटीत बघायची सवय लागली. माझी मान अजून डावीकडे झुकते, असं घरचे म्हणतात.

चित्रं बघून निवडायची सोयच नाही. मग काकांनाच विचारायचं, यात मारामारी आहे का हो?

“वाच आणि मला सांग,” काका म्हणत. त्यांनी त्यातला एकही अंक वाचला नसावा.