अण्णा आणि ते अनोळखी पोर

काल अण्णांना, म्हणजे माझ्या वडिलांना, घेऊन नगरचं रणगाडा संग्रहालय बघून आले. पाय दुखतायत म्हणून झोप लागत नाही, अशी रात्री स्वतःची समजूत घातली होती. सकाळपर्यंत ती काही टिकली नाही.

बेत असा होता की एकाहत्तरच्या युद्धात ते ज्यात होते त्या सेंच्युरियन रणगाड्यापाशी त्यांना न्यायचं, फोनवर रेकॉर्डिंग लावायचं आणि एकेक विचारत जायचं. दादा कधीपासून मागे लागलाय, अण्णांचं बोलणं साठवून ठेव म्हणून. वहिनीने तर प्रश्न लिहूनच पाठवले होते.

आत शिरल्यावर रोल्स-रॉइसची जुनी चिलखती गाडी, दुसऱ्या महायुद्धातले माटिल्डा आणि चर्चिल रणगाडे, जपान्यांचा एवढासा हा-गो. लग्नात लांबच्या पाहुण्यांकडे बघावं तसं अण्णांनी या सगळ्यांकडे बघितलं. पाकिस्तानच्या पॅटन रणगाड्यापाशी फोटोवाल्यांची झुंबड. 1965 च्या युद्धात पंजाबात असल उत्तरला शेतांत पाणी सोडलं आणि हे पॅटन चिखलात रुतले, हे माझं शाळेतलं ज्ञान मी त्यांनाच ऐकवायला लागले. ‘हं,’ म्हणाले आणि काठी टेकत पुढे.

सेंच्युरियन आला तसे थांबले. पत्र्यावर तळहात ठेवला, उन्हाने तापलेला असूनही काढला नाही. मग बोटाच्या पेराने दोनदा ठोकून बघितलं. मी घाईघाईने रेकॉर्डिंग लावलं.

‘अण्णा, तुम्ही कुठे बसायचात यात?’

‘पुढं.’

त्या रेकॉर्डिंगमध्ये हे एक ‘पुढं’ आहे. त्यानंतर माझं खाकरणं, आणि लांबवर कोणाचं तरी बाळ रडतंय.

पाण्याची बाटली आणायला गाडीपर्यंत गेले, तेवढ्यात काय झालं कोण जाणे. परत येऊन बघते तर पुढचे दोन दात पडलेला एक मुलगा त्यांच्यासमोर उभा, आणि अण्णा बोलतायत. सलग. ड्रायव्हर उजव्या अंगाला पुढे बसतो, वरच्या फिरत्या टरेटमध्ये बाकीचे तिघं: कमांडर, गनर आणि गोळा भरणारा. स्टिअरिंग नसतं, दोन दांडे असतात. काठी डाव्या मुठीत, उजव्या मुठीत नुसती हवा. डावा दांडा मागे ओढला की टँक डावीकडे. पोरगं लगेच डावीकडे वळलं. मिटिऑर इंजिन, पेट्रोलवर चालायचं, प्यायचंही राक्षसासारखं. ‘गिअर बदलायचा तर क्लच दोनदा दाबायचा बरं का. एकदा दाबून भागत नाही.’ चपलेतला डावा पाय जमिनीवर दोनदा दाबून दाखवला. झाकण मिटलं की बाहेरचं काही दिसत नाही, पेरिस्कोपमधून दिसेल तेवढंच, आणि कानात कमांडरचा आवाज.

हा पाय मी गाडीत रोज बघते. मी गिअर टाकला की शेजारी त्यांचा पाय हलतो. माझ्या गाडी चालवण्याचा धसका घेतलाय म्हणून मी चिडायचे.

मग पोरगं म्हणालं, ‘आजोबा, भीती वाटली का?’

‘वाटली की. लई वाटली. सुरुंगाचं शेत होतं, रात्रीची वेळ. पुढच्या टँकची चाकोरी सोडायची नाही, वीतभर इकडं नाही की तिकडं नाही. पण पाय कामात होते ना, मग भीतीला बसायला जागा नव्हती.’

मी बाटली धरून मागे उभी. पुढे जावंसं वाटेना, आणि रेकॉर्डिंगचं तर सुचलंच नाही.

हाच प्रश्न मी पाचवीत असताना विचारला होता. ‘माझे बाबा’ असा निबंध होता. तेव्हा म्हणाले होते, ‘थंडी फार होती.’ मी सीमेपलीकडच्या शकरगडच्या थंडीवर दीड पान लिहिलं. बाईंनी शेरा दिला, छान वर्णन.

हेवा वाटला, दुसरं काय. या वयात, आठ वर्षांच्या पोराचा. गेली कित्येक वर्षं त्यांचं पथ्य, गोळ्या, डोळ्यांचे डॉक्टर, पेन्शनचा हयातीचा दाखला, सगळं मीच बघते. आणि सुरुंगाचं शेत मिळालं कोणाला, तर कुठल्या तरी सहलीतल्या पोराला. आईला तरी सांगितलं असेल का? जाऊ दे.

शकरगड भागातली बसंतरची लढाई मला पुस्तकातून पाठ आहे. 16 डिसेंबर 1971, सेकंड लेफ्टनंट अरुण खेत्रपाल, वय 21, तिथेच शहीद झाले, तेही सेंच्युरियनमध्येच. त्यांचे वडील ब्रिगेडियर खेत्रपाल 2001 साली, ऐंशी उलटल्यावर, पाकिस्तानात गेले. तिथे ज्यांच्या घरी उतरले त्या ब्रिगेडियर नासिर यांनी निघायच्या आदल्या रात्री सांगितलं, तुमच्या मुलाचा टँक माझ्या गोळ्याने गेला. परक्यांच्या बापलेकांचं मला एवढं तपशीलवार ठाऊक, आणि माझा बाप त्याच हिवाळ्यात त्याच मुलखात होता, तर माझ्या वाट्याला ‘पुढं’. रात्रभर हेच घोळत होतं. आता लिहिताना ती जुनी गोष्ट जरा वेगळीच दिसतेय. तीस वर्षं उराशी धरलेलं नासिर शेवटी कोणापाशी बोलले? ज्यांच्याशी कालपरवापर्यंत ओळखही नव्हती, त्यांच्यापाशी.

आणि मी तरी काय करतेय? अण्णा शेजारच्या खोलीत पेपर वाचतायत. मध्ये एक भिंत. हेवा वाटला हे त्यांना जाऊन सांगण्याची माझी छाती नाही. सांगतेय तुम्हाला, ज्यांचं तोंडही मी पाहिलेलं नाही. गुण कुठून आलाय ते उघड आहे. दादाही तसलाच, फक्त तो ऑफिसातल्या लोकांना सांगतो.

त्याचा मघाशी फोन आला होता. अण्णांना विचारलं, कसं होतं संग्रहालय?

‘ऊन फार होतं,’ अण्णा म्हणाले.

मला इतकं हसू फुटलं की पेपरावरून मान वर करून बघायला लागले. काही नाही म्हटलं, तुम्ही वाचा.

फोन माझ्याकडे आल्यावर दादा म्हणाला, रेकॉर्डिंग पाठव. एक शब्द आहे, पाठवते. आता पुन्हा जायचं तर खालच्या मजल्यावरचा तो वात्रट धाकटा बरोबर न्यायचा, असं ठरवलंय. त्याला तोंड आवरत नाही, आजोबा म्हणून हाक मारतो आणि अण्णांशी त्याचं काही नातं लागत नाही. त्याच्या खिशात फोन ठेवायचा आणि मी पॅटनपाशी जाऊन फोटो काढत बसायचं.