बासष्ट पावलं

प्रो कबड्डीचा हंगाम २०२४च्या डिसेंबरअखेर संपला. मी राखीव खेळाडू, मॅटवर मिनिटं मोजकीच. बी.एस्सी. ॲग्री झालोय, म्हणून मधल्या रिकाम्या महिन्यांत मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजनेतून कृषी कार्यालयात लागलो. पदवीधराला महिना १० हजार. जानेवारी झेरॉक्स काढण्यात गेला.

फेब्रुवारीत हरभऱ्याचा पीक कापणी प्रयोग आला, म्हणजे शेतातला एक तुकडा कापून उत्पादन मोजायचं. मंडळातल्या अशा मोजक्या तुकड्यांची सरासरी उंबरठा उत्पादनाच्या, म्हणजे विम्यासाठी ठरवलेल्या पातळीच्या खाली गेली, तर विम्याची भरपाई मिळते. त्यामुळे बांधावर निम्मं गाव होतं. वेळ पहाटेची, कारण ऊन चढलं की घाटे तडकतात आणि दाणा मातीत जातो.

शेताच्या नैऋत्य कोपऱ्यावर उभं राहायचं. शेताची लांबी-रुंदी पावलांत किती भरते, त्यावर तक्त्यातून दोन आकडे निघतात. इतकी पावलं लांबीला, इतकी रुंदीला चालायची आणि तिथं खुंटी ठोकायची. "तू चाल रे," कृषी सहायक मॅडम म्हणाल्या. लांबीला ६२ आले होते. चाललो.

खुंटीपासून १० बाय ५ मीटरचा चौकोन आखायचा. हे माझ्या ओळखीचं माप. मॅटची रुंदी १० मीटर, आणि ५ मीटर म्हणजे मध्यरेषेपासून बोनस रेषेच्या वीतभर पलीकडे. दोरी लागल्यावर मी कर्ण मोजायचा हट्ट धरला. ११.१८ यायला हवा, आला ११.४०. कोपरा तिरका गेला होता. पुन्हा आखलं. विमा कंपनीचा पोरगा वैतागला, पण अशी दोरी अंदाजानं लावणारे बरेच आहेत, हे त्याच्या तोंडावरूनच कळत होतं.

उपटताना लक्षात आलं की आमच्या चौकोनाच्या अलीकडे, बारा-पंधरा मीटरांचा पट्टा मर रोगानं वाळून गेलाय. त्यातलं एक झाड उपटून खोड उभं चिरलं. आत तपकिरी रेघ. आमच्या चौकोनात मात्र घाटे लगडलेले. आंबेनं, म्हणजे हरभऱ्यावरच्या आंबट रसानं बोटं चुरचुरत होती. ताडपत्रीवर झोडपलं, उफणलं, वजन केलं: ७ किलो ३०० ग्रॅम. ५० चौरस मीटरचा आकडा २०० पट केला की हेक्टरचा. १४.६ क्विंटल. कुणी बोलेना.

"पैलवान," शेतकरी काका हळूच म्हणाले, "जरा बेतानं पाय टाकायचे होते."

मॅडम माझ्या खांद्याला लागतात. त्यांचं पाऊल माझ्यापेक्षा वीतभर आखूड असेल. ६२ पावलांत तेरा-चौदा मीटर झाले. कबड्डीचं मैदानच १३ मीटर लांब असतं. त्या चालल्या असत्या तर खुंटी मर लागलेल्या पट्ट्यात पडली असती. किंवा नसतीही; शेताची लांबी त्यांच्या पावलांत वेगळी भरली असती, आकडाच दुसरा निघाला असता. हे मी स्वतःला सांगतो आणि ते खरंही आहे. तरी काकांची मान खाली गेली होती ती गेलीच. ॲपवर अक्षांश-रेखांशासकट फोटो चढवावा लागतो, आणि खुंटीची जागा मात्र कोण चाललं यावर.

परवा सरावाला गेलो तेव्हा माझं साधं पाऊल टेपनं मोजलं. ९१ सेंटिमीटर. मॅडमना फोन करून विचारलं, नियमात पाऊल किती धरायचं?

"नेहमीचं," त्या म्हणाल्या.